क्लिनिकल गव्हर्नन्स: खर्च किती, फायदा किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या गावातल्या एका ५० खाटांच्या रुग्णालयात मी गुणवत्तेचं काम पाहते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून काम केलं. ट्रस्टी, डॉक्टर, सिस्टर, आसपासची नर्सिंग होम चालवणारी मंडळी आणि रुग्णांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पैसा कुठे वाया जातो हेही जसं पाहिलं तसं लिहिलं आहे.

क्लिनिकल गव्हर्नन्स म्हणजे नक्की काय?

रुग्णालयाच्या जमाखर्चाचा दरवर्षी हिशेब होतो. सीए येतो, ताळेबंद मांडला जातो, ट्रस्टी सही करतात. पण त्याच वर्षात किती जणांच्या टाक्यांमध्ये पू झाला, किती जणांना चुकीचं औषध मिळालं, किती बाळंतिणींना रक्तस्राव झाल्यावर रक्त मिळायला उशीर झाला, याचा हिशेब बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही. तो हिशेब मागायचा, त्याचं उत्तर द्यायला एक माणूस नेमायचा आणि त्यातून जे कळेल ते दुरुस्त करायचं, हे क्लिनिकल गव्हर्नन्स. उपचारांचं ऑडिट, चुकांची नोंद, जंतुसंसर्ग नियंत्रण, औषधांची सुरक्षितता, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, रुग्णांच्या तक्रारी ही सगळी त्याची अंगं आहेत.

मग एनएबीएच घेतलं की झालं ना?

नाही. एनएबीएच ही भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीत २००५ साली सुरू झालेली, रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था आहे. तिची मानकं चांगली आहेत आणि त्यांच्यामुळे अनेक रुग्णालयांना पहिल्यांदा शिस्त लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तपासणीचे लोक दोन-तीन दिवस येतात आणि जातात. उरलेल्या दिवसांत रात्री अडीच वाजता ओटीत काय होतं, हे रुग्णालयानंच पाहायचं असतं.

ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे उगाच आणलेलं परदेशी खूळ तर नाही?

ती इंग्लंडमधून आली आणि तिच्यामागे लहान मुलांचे मृत्यू आहेत, म्हणून ही हकीगत थोडी सविस्तर सांगते.

ब्रिस्टल शहरातल्या रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होत. १९८८ साली स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ तिथे रुजू झाले. ऑपरेशनं फार लांबतात आणि मुलं जास्त दगावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतः आकडे गोळा केले, वरिष्ठांना सांगितलं, पत्रं लिहिली. काहीच हाललं नाही. जानेवारी १९९५ मध्ये अठरा महिन्यांच्या एका मुलाचं ऑपरेशन करू नये असं सहकाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगूनही ते झालं आणि मूल ऑपरेशन टेबलावरच दगावलं. त्यानंतर प्रकरण बाहेर आलं. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीनं २००१ मध्ये अहवाल दिला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं तिथे अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असं त्यात नोंदवलं आहे. समितीनं सुमारे २०० शिफारशी केल्या. बोल्सिन तोवर देश सोडून ऑस्ट्रेलियात गेले होते.

त्या अहवालात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की माहिती उपलब्ध होती. आकडे अनेकांकडे होते. ते पाहून थांबा म्हणायचं काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला ते दुसऱ्याचं वाटलं.

हे प्रकरण गाजत असतानाच डिसेंबर १९९७ मध्ये ब्रिटिश सरकारनं राष्ट्रीय आरोग्य सेवेबद्दलच्या श्वेतपत्रिकेत क्लिनिकल गव्हर्नन्सची कल्पना मांडली आणि १९९९ च्या कायद्यानं उपचारांचा दर्जा ही रुग्णालयांची कायदेशीर जबाबदारी झाली. तोवर संस्थेच्या प्रमुखाला मुख्यतः पैशांचा जाब द्यावा लागे.

आपल्याकडची ओपीडीची गर्दी, खासगी-सरकारी फरक, पैशांची ओढाताण हे सगळं वेगळं आहे. पण ‘सरांना कोण सांगणार?’ हे वाक्य मी आपल्याकडच्याच ओटीत ऐकलं आहे.

खर्च नेमका कशावर होतो?

कागदावर दिसणारा खर्च कमी असतो. मान्यतेची फी, सल्लागाराचे पैसे, एका क्वालिटी सिस्टरचा पगार, हातांना लावायचं हँडरब, जंतू शोधणाऱ्या कल्चर तपासण्या, निर्जंतुकीकरण झालं की नाही हे दाखवणाऱ्या पट्ट्या. ट्रस्टींच्या बैठकीत याच ओळींवर चर्चा होते.

खरा खर्च वेळेचा आहे आणि तो कुठल्याच वहीत चढत नाही. महिन्याच्या मॉर्टॅलिटी मीटिंगला, म्हणजे झालेल्या मृत्यूंच्या आढाव्याला, दोन सर्जन, एक फिजिशियन, एक भूलतज्ज्ञ आणि सिस्टर-इन-चार्ज तास-दीड तास बसतात. तेवढ्यात एखादं छोटं ऑपरेशन झालं असतं. प्रशिक्षणाला चार सिस्टर गेल्या की वॉर्ड उरलेल्या दोघी सांभाळतात. शिकवून तयार केलेली सिस्टर वर्षभरात पुण्या-मुंबईला किंवा आखातात निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. आमच्यासारख्या रुग्णालयांचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि त्याचं बिल कधीच येत नाही.

आणखी एक खर्च मनाचा. आपल्याच चुकांची यादी सहकाऱ्यांसमोर वाचायची सवय कुणालाच नसते. पहिले सहा महिने माणसं दुखावतात, एखादा कन्सल्टंट यायचं बंद करतो. हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

एवढं करून फायदा पैशांत दाखवता येतो का?

काही प्रमाणात येतो. एक हिशेब मांडून दाखवते. यातले आकडे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या रुग्णालयाचे घालून पाहा.

समजा, महिन्याला १०० शस्त्रक्रिया होतात आणि त्यातल्या चौघांच्या जखमेत जंतुसंसर्ग होतो. प्रत्येक जण सरासरी ५ दिवस जास्त राहतो, म्हणजे २० खाट-दिवस. हात धुणं, ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक योग्य वेळी देणं आणि वस्तऱ्यानं केस काढणं बंद करणं, एवढं करून हे प्रमाण निम्म्यावर आलं, तर १० खाट-दिवस वाचले. खाटेचा रोजचा खर्च २,५०० रुपये धरला तर महिन्याला २५,००० रुपये. क्वालिटी सिस्टरचा पगार आणि बाकी सामान मिळून महिन्याला ४०,००० होत असतील, तर रुग्णालयाच्या बाजूनं हा हिशेब तोट्याचा आहे.

आता तोच हिशेब रुग्णाच्या बाजूनं करा. वाचलेल्या प्रत्येक रुग्णाची पाच दिवसांची मजुरी बुडाली नाही. सोबत राहिलेल्या बायकोची किंवा भावाची बुडाली नाही. महागडी इंजेक्शनं लागली नाहीत, घरचं कुणी सावकाराकडे गेलं नाही, जखम उघडून पुन्हा शिवावी लागली नाही. हे पैसे आणि ही वेदना खरी आहे, फक्त ती रुग्णालयाच्या ताळेबंदात नाही.

फायदा-तोट्याच्या चर्चा इथेच अडतात. खर्च रुग्णालय करतं आणि फायद्याचा मोठा भाग रुग्णाला किंवा विमा योजनेला मिळतो. बिल दिवसावर असेल तर संसर्ग कमी झाल्यानं रुग्णालयाचं उत्पन्न उलट घटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखं ठरावीक पॅकेज असेल तर मात्र लवकर बरा झालेला रुग्ण रुग्णालयालाही परवडतो. म्हणून पैसे देणारी यंत्रणा दर्जासाठी काय देते, हा प्रश्न महत्त्वाचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत एनएबीएचसारखी मान्यता नसलेल्या रुग्णालयाला १५ टक्के कमी दर मिळतो. अशी तरतूद असली की ट्रस्टींची बैठक लवकर आटोपते.

मोठा हिशेब हवा असेल तर श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेनं २०१७ मध्ये मांडलेला अंदाज आहे: रुग्णालयांच्या एकूण खर्चातला सुमारे १५ टक्के भाग उपचारादरम्यान झालेल्या इजा निस्तरण्यात जातो. ते देश आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतात, तरीही ही स्थिती आहे.

चेकलिस्टनं खरंच जीव वाचतात का?

यावर दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत आणि दोन्ही वाचल्याशिवाय मत बनवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिची चाचणी झाली, त्यात एक दिल्लीचं होतं. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. जगभर ती कागदपट्टी भिंतींवर लागली. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळीकडे सक्तीची केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, तर मृत्यूंत म्हणण्यासारखी घट नव्हती.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. तिथल्या १२० सरकारी प्रसूती केंद्रांपैकी निम्म्यांमध्ये सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट दिली आणि नुसती दिली नाही, तर परिचारिकांना महिनोन्महिने सोबत राहून शिकवलं. निकाल २०१७ मध्ये आला. सुरुवातीच्या महिन्यांत चेकलिस्टच्या केंद्रांत योग्य कृतींचं प्रमाण सुमारे ७३ टक्के, बाकीच्यांत ४२ टक्के. काम सुधारलं, यात शंका नाही. पण आई आणि बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नाही.

हा निकाल वाचला तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण तेच काम आम्ही करत होतो. आज मला त्याचा अर्थ असा लागतो: रक्तस्राव ओळखला, पण रक्त चाळीस किलोमीटरवर आहे. बाळ रडलं नाही हे कळलं, पण श्वास द्यायला शिकलेलं माणूस त्या पाळीत नाही. आठवण करून देणारा कागद तेवढंच करतो.

याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात ८० रुग्णालयांत झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बाळंतिणीखाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली. रक्त ठरावीक रेषेपर्यंत आलं की मालिश, गर्भाशय आवळणारं औषध, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एका दमात सुरू करायचं, असं ठरवून दिलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. रक्त मोजणारी अशी पिशवी त्याच्या कितीतरी वर्षं आधी आपल्या शेजारी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधनात तयार झाली आणि तिथल्या खेड्यांमधल्या बाळंतपणांत वापरली गेली होती. आमच्या लेबर रूमला मी ती मागितली, तेव्हा ट्रस्टींना हे आवर्जून सांगितलं.

फरक माझ्या मते इथे आहे. पिशवीवरची रेष दिसली की पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि त्याला लागणारं सामान हाताशी होतं. मोजमाप आणि कृती यांच्यात कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नव्हती.

कागद इतके वाढले की रुग्णाजवळ उभं राहायला वेळच उरत नाही. हे खरं नाही का?

खरं आहे. एकाच रुग्णाचं बीपी तीन ठिकाणी लिहिणारी सिस्टर मी पाहिली आहे आणि मीही लिहिलं आहे. तपासणीच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराच्या सह्या करणं, फ्रिजच्या तापमानाच्या वहीत रोज ४ अंश लिहून मोकळं होणं, हे प्रकार अनेक ठिकाणी चालतात. अशा वहीपेक्षा वही नसलेली बरी, कारण खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी निर्णय घेतं.

आम्ही एक नियम केला. कुठलंही रजिस्टर सुरू करताना ते दर महिन्याला कोण वाचणार याचं नाव पहिल्या पानावर लिहायचं. वाचणारं माणूस सापडलं नाही तर रजिस्टर सुरू करायचं नाही.

चूक लिहून दिली तर नोकरी जाईल, किंवा उद्या तोच कागद कोर्टात येईल. मग कोण लिहिणार?

ही भीती खोटी नाही आणि सिस्टरना ‘घाबरू नका’ एवढं सांगून ती जात नाही.

आधी एक प्रसंग सांगते. मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. रात्रपाळीला एक नवी सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूल घेत होती. ट्रेमध्ये शेजारीच पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल होती, तेवढीच, तशीच पारदर्शक. तिनं चुकीची फोडली. सिरिंजमध्ये भरताना लेबलाकडे लक्ष गेलं म्हणून ती थांबली. शिरेतून झटक्यात गेलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं. तिनं सकाळी थरथरत इन्चार्जना सांगितलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि मेमो दिला. त्यानंतर त्या वॉर्डात एकही चूक कुणी नोंदवली नाही. ट्रे मात्र तसाच राहिला.

त्या दिवशी करायचं होतं ते इतकंच: पोटॅशियमच्या ॲम्प्यूल वॉर्डाच्या सर्वसाधारण ट्रेमधून काढून कुलपात ठेवायच्या, वर लाल पट्टी लावायची आणि देताना दोघींनी पाहायचं. याला जवळजवळ काहीच खर्च नाही. आत्ताच्या रुग्णालयात मी हजर झाल्यावर पहिलं काम हेच केलं.

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत २००५ साली अशा सुरक्षा-नोंदींना कोर्टात संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर तीन गोष्टी पाळता येतात. नोंदीत घडलं तेवढंच लिहायचं, कुणावर ठपका ठेवणारी वाक्यं नको. केसपेपरमध्ये रुग्णाबद्दल खरं ते सगळं असलंच पाहिजे, ते लपवणं हा वेगळाच गुन्हा. आणि नोंद करणाऱ्याला मेमो मिळणार नाही हे रुग्णालयाच्या प्रमुखानं सही करून लेखी द्यायचं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असं स्पष्ट केलं आहे. साधी चूक आणि बेफिकिरी यांतला हा फरक रुग्णालयाच्या आतही पाळला पाहिजे.

मारहाणीच्या भीतीबद्दलही डॉक्टर बोलतात. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे, तरी ओपीडीत गर्दी जमते तेव्हा तो कुणाला आठवत नाही. माझा अनुभव असा की नातेवाईक चुकीमुळे जितके पेटतात त्याहून कितीतरी जास्त, आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय या भावनेनं पेटतात. पहिल्या तासात वरिष्ठ डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलले, तर बहुतेक वेळा ऐकून घेतलं जातं.

औषधाचा वाईट परिणाम झाला तर तो कुठे कळवायचा?

भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे. २०१० पासून तो चालू आहे, १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे आणि डॉक्टरांप्रमाणेच सिस्टर, फार्मासिस्ट आणि रुग्णही कळवू शकतात. फॉर्म एका पानाचा आहे.

प्रत्येक सर्जनचे आकडे जाहीर करावेत का?

न्यूयॉर्क राज्यात बायपासचे मृत्युदर १९९० च्या सुमारास जाहीर होऊ लागले. मृत्यू घटले, पण अवघड रुग्णाला नाही म्हणण्याची वृत्ती वाढली की काय, हा वाद तिथे अजून चालतो. आपल्याकडे आकडेच नीट गोळा होत नाहीत, तिथे जाहीर करण्याची घाई नको. शिवाय छोट्या रुग्णालयात एका सर्जनची वर्षाला ४० ऑपरेशनं असतील, तर एक मृत्यू इकडेतिकडे झाला की टक्केवारी दुप्पट होते. त्यावरून माणसाला चांगलं-वाईट ठरवणं अन्याय आहे. आधी आकडे त्या सर्जनला स्वतःला दाखवा. बहुतेकांना ते पहिल्यांदाच दिसतात, आणि नंतर जे बदल होतात ते कुणी सांगून झालेले नसतात.

सरकारी रुग्णालयात याचा काय उपयोग? तिथे माणसंच नाहीत.

सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं २०१३ पासून आहेत. आठ विभागांत तपासणी होते आणि प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी ते मिळवलं आहे. स्वच्छतेसाठी कायाकल्प, लेबर रूमसाठी लक्ष्य हे कार्यक्रमही आहेत.

मातामृत्यूंचं अन्वेषण हा मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. प्रत्येक मातामृत्यूची रुग्णालयात आणि गावात जाऊन चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या बैठकीत घरच्या लोकांचंही ऐकून घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राचा मातामृत्यूदर २००७-०९ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १०४ होता, २०१८-२० मध्ये ३३ झाला. याचं श्रेय एकट्या चौकशीला देता येणार नाही. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, १०८ ची गाडी आली, रक्तपेढ्या वाढल्या. पण गाडी कुठे अडली, रक्त का मिळालं नाही, हे गावागावांतून कळलं ते या चौकशीतून.

आता दुसरी बाजू. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. ऑडिटनं दोष सापडतात. ते दूर करायला निधी लागतो, निविदा लागते, आणि अमुक तारखेपर्यंत हे मी करून देतो म्हणणारा अधिकारी लागतो. ही साखळी नसेल तर ऑडिटवर केलेला खर्चही वाया गेला आणि माणसंही गेली.

माणसं कमी असण्याबद्दल माझं मत ठाम आहे. एका सिस्टरकडे रात्री चाळीस रुग्ण असतील, तर तिला प्रशिक्षण देऊन प्रश्न सुटत नाही. तिथे गव्हर्नन्सचं पहिलं काम, रिकाम्या जागांमुळे काय काय बिघडलं ते आकड्यांत मांडून दर महिन्याला वर पाठवणं, हे आहे.

सगळ्या समित्या, सगळ्या फाइली असूनही रुग्णालय बिघडू शकतं का?

हो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात ही व्यवस्था कायद्यानं लागू होऊन सहा-सात वर्षं झाली होती, तेव्हा २००५ ते २००९ दरम्यान रुग्ण तहानलेले, मळलेल्या अंथरुणात पडून राहत. व्यवस्थापनाचं लक्ष खर्चकपातीवर आणि ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा जास्त स्वायत्ततेचा सरकारी दर्जा मिळवण्यावर होतं, सिस्टरांच्या जागा कमी केल्या होत्या. तो दर्जा २००८ मध्ये मिळालाही. घरच्या माणसांनी आवाज उठवल्यावर चौकशी झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी आहेत.

आमच्या प्रत्येक ट्रस्टीला मी हे एकदा तरी सांगितलं आहे: महिन्यातून एकदा फाइल बाजूला ठेवा आणि जनरल वॉर्डात एका खाटेजवळ वीस मिनिटं बसा. रुग्णाचा हात पाण्यापर्यंत पोचतो का ते पाहा.

आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. आम्हाला हे झेपेल?

समित्या झेपणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. हात धुण्याची सोय, ऑपरेशनआधी नाव-बाजू-ॲलर्जी मोठ्यानं विचारणं, धोकादायक औषधं वेगळी ठेवणं, आणि महिन्यातून एकदा चहाच्या वेळी सगळ्यांनी मिळून ‘या महिन्यात कुठे चुकता चुकता वाचलो’ यावर बोलणं. त्यात मावशी आणि वॉर्डबॉयही हवेत, कारण घसरडी फरशी आणि बंद पडलेली घंटा त्यांनाच आधी कळते. हँडरबही महाग घ्यायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची कृती जाहीर केलेली आहे, तुमच्या फार्मासिस्टला दाखवा.

नातेवाईक म्हणून आम्ही काय विचारायचं?

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयानं रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात. ती पाटी कुठे आहे, हे विचारायला संकोच करू नका. ऑपरेशनआधी विचारा: भूल कोण देणार आहे, रक्त लागलं तर कुठून येणार, रात्री कुणाला फोन करायचा. इंजेक्शन देताना ‘हे कशाचं?’ असं सिस्टरला विचारलं तर चांगल्या सिस्टरला राग येत नाही. तीही त्या निमित्तानं लेबल पुन्हा वाचते.

सुरुवात केली तर किती दिवसांत फरक दिसतो?

मृत्यूदरात पाहायला जाल तर छोट्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काही दिसणार नाही, कारण संख्याच लहान असते. हात धुतले जातात का, अँटिबायोटिक वेळेवर जातं का, हे मोजा. ते तीन महिन्यांत हलतं.

आणि एक खूण आधी सांगून ठेवते, नाहीतर ट्रस्टी घाबरतात. काम नीट चालू झालं की पहिल्या वर्षात चुकांची संख्या वाढलेली दिसते. आमच्याकडे चुकांच्या चिठ्ठ्या टाकायला ठेवलेली पेटी सुरुवातीला महिनोन्महिने रिकामी असायची. मग एका सिस्टरनं चुकीच्या रक्तगटाची पिशवी वॉर्डापर्यंत आल्याचं लिहून दिलं. रक्त चढवण्याआधीच तिच्या लक्षात आलं होतं. त्याच आठवड्यात रक्ताच्या पिशव्या तपासायची पद्धत बदलली आणि ती कुणामुळे बदलली हे तिच्या परवानगीनं सगळ्यांना सांगितलं. पुढच्या महिन्यात पेटीत नऊ चिठ्ठ्या होत्या.